सात नंबरची पाटी

पाटी एक
"बिबदरा नगरवन. पायवाट : दोन किलोमीटर चारशे मीटर. झाडांना इजा करू नका. मोठ्याने बोलू नका."

वत्सलाबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ही पाटी काय बजावते ते तिला ठाऊक नव्हतं. आणि मोठ्यानं ती तशीही बोलत नसे.

अंबाजोगाईच्या कडेला हा डोंगर. उतारावर साग, धावडा, पळस, खैर, मधूनमधून सीताफळीची झुडपं. सगळ्याला तारेचं कुंपण आणि आतून लाल मुरमाची वाट. सकाळी गावातली माणसं इथं फिरायला येतात. डॉक्टर येतात, वकील येतात, गुडघ्यांनी छळलेल्या बायका येतात. त्यांच्या आधी वत्सलाबाई येते. वाट झाडायची आणि पाट्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, हे तिचं काम. पाट्या अकरा.

याच डोंगरावर तिनं बावीस वर्षं वनमजूर म्हणून खड्डे खणले. रोपं लावली, हंड्यांनी पाणी घालून जगवली. झाड ओळखायला तिला पाटी लागत नाही. पान चोळून नाकाशी नेलं की झालं.

पाटी दोन
"साग. पान मोठे व खरखरीत. कोवळे पान चुरडल्यास हात लाल होतो."

एवढं लक्षात राहू द्या. पुढं लागणार आहे.

पाटी तीन
(गंजली आहे. वाचता येत नाही.)

इथं दुसरंच सांगायला जागा आहे.

वत्सलाबाईचा मुलगा अजिनाथ याच वनात रखवालदार होता. डोंगराच्या पाठीमागं राधाकिशन नानांची जमीन. नाना म्हणजे मोठं घराणं, पुढारीपण, आणि हे वन सांभाळणाऱ्या वनमित्र समितीचं अध्यक्षपद. त्यांच्या पुतण्यानं, युवराजनं, मागच्या जमिनीत प्लॉट पाडले. प्लॉटकडं ट्रॅक्टर न्यायला सरळ वाट वनातून जात होती, आणि त्या वाटेच्या वळणावर एक जुनं झाड आडवं येत होतं.

ते झाड बिब्याचं. बिबदऱ्यातला शेवटचा बिबा.

नवीन माणसांना बिबा माहीत नसतो. काळी बी, तिच्यात तेल. ते तेल कापडाला लागलं तर कापड फाटेल, पण डाग जाणार नाही. पूर्वी परीट त्यानंच कपड्यावर खुणा घालायचे. कातडीला लागलं तर फोड येतात, अंग सुजतं. त्याला बिबा उतणं म्हणतात. झाडाचा चीकही तसाच. कुणाला नुसता शिंतोडा बाधतो, कुणाला काही होत नाही. आणि कुणी चांगल्या कामात मोडता घातला, तर बिब्बा घातला म्हणतात, हे मात्र नवीन माणसांनाही माहीत असतं.

अजिनाथनं त्या वळणावर काट्या लावून ट्रॅक्टर अडवला. दोनदा अडवला. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा झाड नव्हतं, नुसतं बूड होतं. बुडापाशी वनखात्याचा गार्ड उभा होता आणि पंचनामा लिहून झाला होता : सागाचं झाड, तोडून नेणारा रखवालदार अजिनाथ. बिबा तोडला म्हणून कुणाला घरी बसवता येत नाही, सागासाठी येतं. पंच म्हणून सही युवराजची.

"सायेब, साग कुठला? बिबा हाय हा," अजिनाथ म्हणाला.

"गप," गार्ड म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही.

अजिनाथची नोकरी गेली. तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला आणि हंगाम संपल्यावर टोळी परतली तरी हा परतला नाही. फोनवर म्हणाला, "आई, नावावरचा चोर निघाल्याबिगर मी त्या गावात तोंड दाखवणार न्हाई." दोन वर्षं झाली.

त्या सहीनंतर युवराजही पंधरवडाभर कुणाला दिसला नव्हता. दिसला तेव्हा तोंड उतरत्या सुजेचं, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे-निळे. "आग्यामोहोळ उठलं बे, वाचलो," असं तो मित्रांना सांगत होता.

पाटी सात

मधल्या पाट्या सोडून आपण सातवर आलो, कारण वत्सलाबाईचं मन असंच यायचं. ही पाटी वळणावर, त्या बुडापाशी. बाकीच्या पाट्या हिरव्या आणि वहीएवढ्या. ही लाल आणि ताटाएवढी. आठ महिन्यांपूर्वी समितीनं रोवली. वत्सलाबाईला वाटलं, गेलेल्या झाडाचं नाव लिहिलं असेल. मोठं झाड होतं, म्हणून मोठी पाटी. निदान तेवढी तरी लाज वाटली म्हणायची नानांना.

म्हणून ती ही पाटी इतरांपेक्षा जास्त मायेनं पुसायची. आधी ओलं फडकं, मग पदराचं टोक.

राधाकिशन नाना चार माणसांसह रोज तिथून जायचे. पांढरे बूट, हातात काठी. थांबून म्हणायचे, "वत्सले, सात नंबर नीट पुसत जा गं. लोक वाचत्यात."

"व्हय नाना."

चार माणसं हसायची. नाना खूश आहेत, असं तिला वाटायचं.

आषाढातल्या एका सकाळी त्रिंबक गुरुजी तिथं थबकले. हे शाळेतून निवृत्त झालेले, गेल्या महिन्यातच लेकीकडून परत येऊन फिरायला लागलेले. वत्सलाबाई पदरानं पाटी चकचकीत करत होती.

"बाई, हे तुम्ही पुसता?"

"मंग कोण पुसंल?"

"काय लिहिलंय ठाऊक आहे का?"

"झाडाचं नाव."

गुरुजींनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग हळू आवाजात वाचलं.

"सावधान! या ठिकाणी एका विश्वासघातकी रखवालदाराने सागाचे झाड चोरून तोडले. झाडचोरांना थारा देऊ नका. वनमित्र समिती."

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. डॉक्टरांना माहीत होतं, वकिलांना माहीत होतं, गुडघ्यांच्या बायकांना माहीत होतं. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची आई रोज पदरानं पुसते, हेही सगळ्यांना माहीत होतं.

आठ महिने.

वत्सलाबाई खाली बसली नाही, रडली नाही. तिनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि पाटीचा राहिलेला कोपरा पुसला.

"अहो बाई, आता कशाला?"

"अर्धीच झाली व्हती," ती म्हणाली. मग म्हणाली, "गुरुजी, मला अक्षरं शिकवा. लई न्हाई. ह्या पाट्यांवर हायती तेवढीच."

पाटी चार
"तांबट. हा पक्षी टुक टुक असा एकसुरी आवाज काढतो."

तांबटासारखंच झालं तिचं. एकच ठोका, रोज. सागावरचा सा, पळसावरचा प, खैरावरचा खै. गुरुजी चालता चालता एक अक्षर सांगायचे आणि पुढं जायचे. ती काडीनं मुरमात काढायची आणि मग स्वतःच झाडून टाकायची. श्रावण सरेपर्यंत तिला दोन नंबर वाचता आली. भाद्रपदात सात नंबर, अडखळत. "विश्वासघातकी" या शब्दावर तिला सहा दिवस लागले.

"एवढा अवघड शबुद कावून घातला असंल?" तिनं विचारलं.

"मोठे लोक बाई. शिवीसुद्धा शुद्ध देतात."

त्याच पावसात सात नंबरच्या बुडातून फुटवे आले. युवराजनं वर मुरूम टाकून बूड बुजवलं होतं; पण बिबा मुरमाला भीक घालत नाही. तीन धुमारे, रुंद पानं, लांबून पाहणाऱ्याला सागाचीच वाटावीत अशी. वत्सलाबाईनं हात लावला नाही. शेळ्यांपासून आणि माणसांपासून वाचवायला चारी बाजूंनी बोरीच्या काट्या रचल्या.

गुरुजी म्हणाले, "बाई, मोठ्या साहेबांना हे दाखवू. झाड बिब्याचं होतं एवढं तरी सिद्ध होईल."

"मंग म्हणतील, बिबा तर बिबा, पण तोडला तुज्याच पोरानं." ती काट्या दाबत राहिली. "मला झाड सिद्द न्हाई करायचं गुरुजी. माणूस करायचाय."

पाटी पाच
"करंज. औषधी वृक्ष."

युवराज या पाटीला टेकून फोनवर बोलत होता. प्लॉट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पटवत होता. "आपल्या प्लॉटला जंगल चिकटून हाय राव. शुद्ध हवा. आता मी खुद पिंपळाखाली उभाय."

वत्सलाबाई झाडत होती. तिनं वर बघितलं. करंज. मग ती त्याच्या डोक्यामागच्या पाटीकडं बघून मनाशी जुळवत बसली : क, रं, ज.

याला पान कळत नाही. निंब आणि बकाणनिंब याला एकच. पाटी मागं असून वाचत नाही. याला साऱ्या रानातलं एकच झाड ओळखीचं असणार, आणि तेही पानावरनं नाही, कातडीवरनं.

तिथं तिला युक्ती सुचली. सुचली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला लाज वाटली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.

पाटी आठ
"वन्यजीव सप्ताहानिमित्त निसर्गपायवाटेचा शुभारंभ व वनसेवा सन्मान. सन्मानमूर्ती : राधाकिशन नाना."

ही खरी पाटी नाही, कापडी फलक आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आठ नंबरच्या पाटीवरच बांधला, त्यामुळे खालचा धावडा झाकला गेला. जिल्ह्याच्या नव्या वनअधिकारी मॅडम येणार होत्या. फेरी झाल्यावर नाष्टा : चहा आणि सुशीला. मुरमुऱ्याची सुशीला, वर शेंगदाणे, कोथिंबीर.

आदल्या दिवशी नाना म्हणाले, "प्लॅस्टिक चालायचं न्हाई. मॅडम कडक हायत म्हणं. वत्सले, पत्रावळी लाव पन्नासएक."

"कशाच्या लावू नाना? पळसाच्या का सागाच्या?"

"लाव कशाच्या बी. हिरवं दिसलं म्हंजे झालं."

तिनं अठ्ठेचाळीस पळसाच्या लावल्या. दोन सागाच्या. दोन नंबरच्या पाटीमागं वाऱ्यानं मोडलेली सागाची फांदी पडली होती. तिची शेंड्याजवळची कोवळी पानं घेतली, काड्यांनी टाचली. टाचताना तिची बोटं लाल झाली. ती तिनं धुतली नाहीत.

पाटी नऊ
"विश्रांतीस्थान."

इथं बाक, इथं मंडप. मॅडम तरुण, साधी चप्पल, डोळे सगळीकडं. सात नंबरपाशी त्या थांबल्या होत्या, पाटी वाचली होती आणि वहीत काही टिपलं होतं. नाना म्हणाले होते, "काय करणार मॅडम, आमचाच माणूस निघाला. मन लई दुखलं." वत्सलाबाई दहा पावलांवर झाडू धरून उभी होती. तिला वाटलं, झाडूची काठी हातात मोडणार.

शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. सुशीलेची वाफ निघाली. वत्सलाबाई एकेकाला पत्रावळ देत निघाली. मॅडमना पळस. गुरुजींना पळस. नानांना साग, त्यांनी बघितलंही नाही. मग युवराज.

तिनं दुसरी सागाची पत्रावळ त्याच्या दोन्ही हातांत ठेवली. वर गरम सुशीला वाढली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल, असं म्हणाली :

"युवराजदादा, ही खास तुमच्यासाठी. सात नंबरच्या बुडाला फुटवे आल्यात बघा. त्याच सागाची पानं हायती."

युवराजनं पानाकडं पाहिलं. रुंद. खरखरीत. देठाला ओल.

पत्रावळ हवेत उडाली. सुशीला मॅडमच्या पायांवर. युवराज दोन ढांगा मागं सरून हात पँटीला पुसायला लागला, मग मातीला पुसायला लागला.

"बिबा हाय तो! ए, कुणी हात लावू नका! बिबा हाय बे! म्हातारे, मारती का काय! खोबऱ्याचं तेल आना कुणीतरी! नाना, टाका ते हातातलं, उततंय!"

नानांनी पत्रावळ टाकली. ज्या वेगानं टाकली, तो वेगही सगळ्यांनी पाहिला.

"कुठला बिबा?" मॅडम म्हणाल्या.

"सात नंबरचा! अहो, तुमाला न्हाई ठाऊक, पंधरा दिस तोंड भोपळ्यावानी झालतं माझं! शिंतोडा उडाला तरी..."

तो थांबला. पण बोलणं थांबलं तरी हात थांबले नाहीत. तो दोन्ही हात कोपरापर्यंत कराकरा खाजवत होता. बाह्या वर सरकल्या होत्या आणि दोन वर्षांपूर्वीचे काळे चट्टे सगळ्यांना दिसत होते. आग्यामोहोळाचा डंख दोन वर्षं टिकत नाही.

लांब कुठंतरी तांबट टुक टुक करत होता.

मॅडमनी खाली पडलेलं एक पान उचललं.

"मॅडम, नका!" युवराज ओरडला.

त्यांनी कोवळा भाग तळहातावर चुरडला. तळहात लाल झाला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

"हा तर साग आहे," त्या म्हणाल्या. "साधा साग. याला तुम्ही इतके घाबरलात? सात नंबरची फाइल मी वाचून आलेय. पंचनाम्यावर पंच म्हणून सही तुमची आहे ना युवराजजी? तिथं साग होता, असं लिहिलंय. मग सात नंबरला बिबा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि शिंतोडा कधी उडाला?"

युवराज नानांकडं बघू लागला. नाना फेटा काढू लागले. नवा फेटा, गाठ सुटेना.

"मावशी," मॅडम वत्सलाबाईला म्हणाल्या, "बूड दाखवा."

वत्सलाबाई पुढं, मागं अख्खा मंडप. नाना तिच्या शेजारून चालताना दात आवळून पुटपुटले, "चांगल्या कामात बिब्बा घातलास गं म्हातारे."

"म्या कुठनं घालू नाना?" ती म्हणाली. "तुमी ठिवलाय का एक तरी?"

सात नंबरला तिनं बोरीच्या काट्या ओढून काढल्या. तीन धुमारे उन्हात उभे होते.

पाटी दहा
(कोरी. झाडाचं नाव ठरलेलं नाही.)

चौकशीला चार महिने लागले. कामावरून मात्र तिला कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी काढलं. झाडण्याचा ठेका नानांच्या माणसाकडं होता. तरी ती रोज सहाला फाटकात. फाटकावरचा नवीन माणूस म्हणाला, "मावशी, तुमाला आत सोडायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"कामाला न्हाई आले. फिरायला आले."

"फिरायला?"

"का रं? गुडघं मलाबी हायती."

फिरायला येणाऱ्याला अडवायचा नियम नव्हता. खड्ड्यांची बावीस वर्षं आणि वर झाडण्याची दोन, पण या डोंगरावर ती रिकाम्या हातांनी पहिल्यांदाच चालली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं फडकं आणलं.

अखेर कागद निघाला. अजिनाथवरचा आरोप रद्द. युवराजवर आणि पंचनामा लिहिणाऱ्या गार्डवर गुन्हा. अजिनाथ आला. फाटकापाशी उभा राहून त्यानं डोंगराकडं बराच वेळ पाहिलं. त्याचे हात कोयत्यानं कडक झाले होते. तो म्हणाला, "झालं ना आई आता. सोड."

खात्याची माणसं लाल पाटी उपटायला आली, तेव्हा वत्सलाबाई पाटीला धरून उभी राहिली.

"काढू नका."

"अहो मावशी, तुमच्याच पोराची बदनामी हाय ना त्यावर?"

"पाटी ऱ्हाऊ द्या. अक्षरं बदला. माझ्या लेकाला वरीसभर या पाटीवर उभा केला. आता ज्याचं त्याला उभं करा."

फोनाफोनी झाली. खटला चालू आहे, नाव घालता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. बाकी घालता येईल.

पाटी सात
"या ठिकाणी बिबदऱ्यातील अखेरचे बिब्याचे झाड होते. ते वनमित्र समितीच्या पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाने तोडल्याचा गुन्हा दाखल आहे. निरपराध रखवालदारावर खोटा आळ घेण्यात आला होता. बुडाला फुटवे आले आहेत. हात लावू नये."

नाव नाही. नावाची गरजही नाही.

पाटी एक
"...मोठ्याने बोलू नका."

नानांनी फिरणं सोडलं नाही. सोडलं तर लोक म्हणतील, घाबरला. अध्यक्षपद गेलं, चार माणसांतली तीन गेली, पण पांढरे बूट राहिले. सकाळी साडेसहाला ते वळणावर येतात. वत्सलाबाई तिथं असते. तिनं पाटी पुसून ठेवलेली असते, आधी ओल्या फडक्यानं, मग पदरानं.

पहिल्या दिवशी ते मान खाली घालून निघाले होते.

"नाना, थांबा की," ती म्हणाली. "सात नंबर नीट पुसलीय. लोक वाचत्यात. तुमालाबी वाचून दाखवते."

"मला वाचता येतं."

"आता मलाबी येतं."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. बोट अक्षराखाली, एकेक शब्द सुटा, तांबटासारखा. या. ठिकाणी. बिब, दऱ्यातील. "पदाधिकाऱ्याच्या" या शब्दावर ती अडखळते, मागं जाते, पुन्हा पहिल्यापासून घेते. मधे निघून जावं, तर मागून फिरायला आलेली माणसं थांबलेली असतात. वाट अरुंद आहे; एका बाजूला बिब्याचे फुटवे, दुसऱ्या बाजूला वत्सलाबाई. नाना उभे राहतात.

अजिनाथ एकदा म्हणाला, "आई, किती दिवस वाचणार?"

"आठ महिनं," ती म्हणाली. "न वाचता म्या तेवढं पुसलंय."

आज एकशे बारावा दिवस. नाना पाच नंबरपर्यंत आले, करंजाखाली थांबले आणि तिथूनच मागं वळले. वत्सलाबाईनं वळणावरून ते पांढरे बूट पाठमोरे पाहिले. मग तिनं पाटीकडं तोंड केलं, बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागली.